सुमीला कांजिण्या झाल्या नव्हत्या

डॉक्टरांसमोर मला विचारलं गेलं, तेव्हा मी "मला आठवत नाही" असं म्हणालो. मला सगळं आठवत होतं. कुठे उभं राहून बोललो होतो, सायकलचं कोणतं पायडल पायाखाली होतं, कोणते शब्द वापरले होते, सगळं. तरीही मी तसं म्हणालो. माझ्या शेजारी बसलेल्या मुलाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग मान खाली घातली. त्याचं पुढचं आयुष्य त्या वाक्याने वळलं. मी हे इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. आईला नाही, बाबांना नाही, लग्नानंतर बायकोलाही नाही. या प्रकरणात ते सांगायचं आहे, आणि आधी ते कबूल केल्याशिवाय बाकीचं लिहिणं म्हणजे पुन्हा लपवणंच होईल.

आमचं क्वार्टर जबलपूरला लष्करी कारखान्याच्या वसाहतीच्या, म्हणजे इस्टेटीच्या, अगदी टोकाला होतं. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे कवेलूंच्या छपराचा व्हरांडा. बाबा कारखान्यात लेथवर होते. पहिल्या भोंग्याला आई भात चढवायची, दुसऱ्याला बाबा बूट घालायचे, आणि तिसरा वाजेपर्यंत ते बिल्ला दाखवून गेटच्या आत गेलेले असायचे. एकाहत्तरच्या लढाईची हवा सुरू झाली त्या वर्षी भोंग्यांचं हे गणित बिघडलं. ओव्हरटाइम लागला, रविवारही कामाचे झाले, बाबा सकाळी जायचे ते दिवेलागणीनंतर यायचे. त्यांच्या सदऱ्यांत, पायमोज्यांत लोखंडाचा बारीक किस अडकलेला असे. कपडे भिजवण्याआधी आई त्यांवरून एक जुनं लोहचुंबक फिरवायची, आणि त्याला चिकटलेली काळी लव चिमटीने काढून तुळशीपासून दूर टाकायची. माझ्या आठवणीत लढाईचा आवाज तोफेचा नाही. दुपारच्या शांततेत ते चुंबक कापडावरून सरकायचं, त्याचा बारीक खसखस आवाज आहे.

किशोर राघोबा आमच्या घरी आला तो लढाईच्या आदल्या पावसाळ्यात. मॉरिशसहून शिष्यवृत्ती घेऊन तो आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आला होता. वर्गात मी एकटाच मराठी, म्हणून सरांनी त्याला माझ्याकडे सोपवला. उंच, सावळा, खांदे जरा वाकलेले. पहिल्याच दिवशी तो हळूहळू, एकेक शब्द जागेवर ठेवत म्हणाला, "नमस्कार. मी पण मराठी आहे." त्याच्या पणजोबांच्या वडिलांना जहाजावर चढताना नाव विचारलं गेलं तेव्हा त्यांनी नुसतं राघोबा म्हणून सांगितलं. साहेबाने ते लिहून घेतलं, आणि पुढे तेच सगळ्या खानदानाचं आडनाव झालं. मूळ आडनाव काय, गाव कोणतं, त्याच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. कोकणातलं कुठलंतरी, एवढंच.

मी त्याला एका रविवारी घरी नेलं. आईने गोळाभात आणि पाटवडीचा रस्सा केला होता. तो देवाच्या फळीसमोर उभा राहिला आणि न सांगता आरती म्हणू लागला. चाल आमच्यापेक्षा निराळी, संथ, समुद्रावरून आल्यासारखी, पण शब्द सगळे बरोबर. आम्हा भावंडांना दुसऱ्या कडव्यानंतर नुसतं गुणगुणावं लागायचं. आई पदराने हात पुसत बाहेर आली आणि ऐकतच राहिली.

"काहून रे अरुण," ती मला म्हणाली, "तू इथंच राहून आरती विसरून राहिला, अन् हा पोरगा सात समुद्रापलीकडून पाठ करून आला."

"काकू, आमच्याकडे आजी चुकलं की कान पिरगाळते," किशोर म्हणाला.

"मग इथली आजी मी. अरुणचा कान आण इकडे."

सुमी, माझी धाकटी बहीण, तेव्हा बारा वर्षांची. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवसापासून दर रविवार त्याचा. तो सायकलवर यायचा, येताना सदरबाजाराच्या कोपऱ्यावरून खोव्याची जलेबी आणायचा, आणि स्वयंपाकघरात मांडी घालून बसायचा. एकदा त्याने आईला त्यांच्याकडची टमाट्यांची चटणी करून दाखवली. टमाटे निखाऱ्यावर काळे होईस्तोवर भाजायचे आणि हिरव्या मिरच्यांबरोबर पाट्यावर रगडायचे. आईने ती बोटाने चाखली आणि म्हणाली, "चलो, सून आणायची गरज नाही." पहिली गरम पोळी त्याच्या ताटात पडू लागली. मला ते आवडत नव्हतं. एकोणीस वर्षांच्या मुलाने असं वाटून घेऊ नये, पण मला वाटायचं, आणि पुढे मी जे केलं त्यात त्याचाही वाटा होता हे लपवण्यात अर्थ नाही.

मग इस्टेटीच्या फाटकावर पाटी लागली. बाहेरच्या माणसाला परवानगीशिवाय प्रवेश नाही, आणि परदेशी माणसाला तर अजिबातच नाही. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद चिकटले. बाबा जेवताना म्हणाले, "अरुण, त्या पोराला सांग. लढाई संपेपर्यंत येऊ नको म्हणा. आपल्यावर राग नको धरू म्हणा, कायदा आहे."

"तो काय परका आहे का?" आई म्हणाली.

"पासपोर्टावर आहे," बाबा म्हणाले. "माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, अन् नोकरीपेक्षा मोठी गोष्ट आहे ही. सांग त्याला, खरं ते सांग. समजदार आहे तो."

बाबा तसेच होते. ते खरं सोडून काही बोलत नसत, आणि जग तसंच चालतं असं त्यांना वाटे. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या सायकलस्टँडजवळ मी किशोरला गाठलं. तो मला म्हणाला की रविवारी तो सुमीला त्यांच्याकडचं एक नाचाचं गाणं शिकवणार आहे. आणि मग म्हणाला, "अरुण, तुमच्या घरात मला असं वाटत नाही की मी दुसऱ्या देशात आहे." हे ऐकल्यावर 'तू परदेशी आहेस म्हणून येऊ नकोस' हे माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, "या रविवारी नको. सुमीला कांजिण्या निघाल्यात. माता आहे घरात, बाहेरच्यांनी येऊ नये." आमच्याकडे माता आली की दाराला कडुलिंब लागतो, फोडणी बंद होते, पाहुणा उंबऱ्याबाहेरून परत जातो. याहून सभ्य बहाणा मला सुचला नाही. त्याचा चेहरा उतरला, पण अपमानाने नाही, काळजीने. "खूप ताप आहे का?" त्याने विचारलं. मी पायडलवर पाय ठेवत म्हणालो, "हो, आहे थोडा." मला सुटल्यासारखं झालं होतं.

बहाणा करणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट राहत नाही. समोरचा माणूस त्याच्यावर विश्वास ठेवून काहीतरी करायला जातो. किशोरच्या घरी मातेचे सगळे नेम आजी पाळायची. तो ग्वारीघाटाला गेला, नर्मदेला नारळ दाखवून घेतला, कुणाच्या तरी परसातून कडुलिंबाच्या डहाळ्या मागून आणल्या, एका मडक्यात दही घेतलं, आणि कारखान्याच्या गेटबाहेर पाळी सुटायची वाट पाहत उभा राहिला. इस्टेटीत सोडत नव्हते म्हणून. शेकडो माणसं सायकली घेऊन बाहेर पडत होती. त्यांच्यात त्याने बाबांना शोधलं आणि ते सगळं त्यांच्या हातात दिलं.

"काका, सुमीला उशाशी ठेवायला. दही आजी सांगते, अंगाची आग कमी होते."

"सुमीला काय झालं?" बाबा म्हणाले. "ती तर रोज शाळेत जाते आहे."

हे मला बाबांनीच त्या रात्री सांगितलं. कडुलिंबाची जुडी स्वयंपाकघराच्या कोनाड्यात ठेवून ते म्हणाले, "पोराला काहीतरी भलतंच वाटून राहिलं होतं. मी विचारायच्या आत सायकलवर बसून गेला. कोण म्हणालं त्याला?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "काय माहीत. काहीतरी ऐकलं असेल."

त्या दह्याचं आईने ताक केलं. मी प्यायलो.

त्यानंतर किशोर माझ्याशी बोलला नाही असं नाही. तो बोलायचा, पण काही विचारायचा नाही. मग हळूहळू वर्गात यायचा बंद झाला. मी मनाशी म्हणालो, थंडी आहे, दमला असेल. आणि मी त्याच्यावर उपकार करावा तसं एक काम सुरू केलं. सर खाली मान घालून नावं वाचायचे. 'राघोबा' आलं की मी मागच्या बाकावरून आवाज जरा जाड करून "यस सर" म्हणायचो. आमच्या कॉलेजात ही मैत्रीची रीतच होती, कोणी कोणाची हजेरी मारली नाही असा मुलगा सापडला नसता. डिसेंबरात लढाई जुंपली, दोन आठवड्यांत संपली, लोकांनी पेढे वाटले. ओव्हरटाइम आणि फाटकावरची पाटी मात्र तशीच राहिली. मी संक्रांतीनंतरही "यस सर" म्हणत होतो. कागदावर किशोर राघोबा रोज वर्गात बसत होता.

मला जाग आणली ती होस्टेलच्या मेसमधल्या महाराजाने. तो कॉलेजच्या व्हरांड्यात मला शोधत आला, हात अजून पिठाचे. "भैया, आप उनके दोस्त हो ना, वो मॉरिशसवाले के? थाली जैसी भेजता हूँ वैसी लौट आती है। आप लोग पढ़े-लिखे हो, एक-दूसरे को देखते नहीं क्या?"

मी गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. बाहेर लख्ख ऊन होतं, आणि त्याच्या खोलीत अंधार. खिडकीवरचा काळा कागद त्याने काढलाच नव्हता. सगळ्या शहराने काढला होता. तो रजई घेऊन भिंतीकडे तोंड करून पडला होता. खोलीला न धुतलेल्या केसांचा, शिळ्या भाजीचा वास येत होता. टेबलावर हवाई टपालाची निळी पत्रं पसरली होती. सगळी एकाच ओळीने सुरू होणारी, 'आई, मी बरा आहे', आणि सगळी त्याच ओळीवर थांबलेली. मी हाक मारली. तो म्हणाला, "तू माझी हजेरी लावतोस."

"तुझी टर्म जाऊ नये म्हणून."

"मला वाटलं होतं, मी नाही गेलो तर कोणीतरी विचारेल. मी वाट पाहत होतो." तो अजून भिंतीकडेच पाहत होता. "मग कळलं की मी तर रोज जातोच आहे."

मी घरी जाऊन आईला सांगितलं. हजेरीचं नाही, बाकीचं. ती ज्या साडीत होती त्याच साडीत निघाली. रिक्षातून उतरून मुलांच्या होस्टेलचे जिने चढणारी बाई तिथे कोणी पाहिली नसावी. तिने आधी खिडकीवरचा कागद ओढून फाडला, मग डब्यातला मऊ वरणभात कालवून त्याच्या तोंडाशी नेला. "बाप्पा, काय हाल करून घेतले रे. माझ्या दारावर लिहिलं होतं का, येऊ नको म्हणून?" तो लहान मुलासारखा रडला. आईही. मी दाराशी उभा होतो, आणि अजूनही मला वाटत होतं की आता सगळं ठीक होईल, काही सांगावं लागणार नाही.

बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. त्या वर्षात त्यांनी घेतलेली ती एकुलती एक. त्यांना वाटत होतं की त्यांनीच येऊ नको म्हणायला सांगितलं म्हणून हे झालं, आणि ते भरून काढायला ते निघाले होते. मनाच्या आजाराला तेव्हा आमच्याकडे वेडाशिवाय दुसरं नाव नव्हतं. तरी बाबा त्याचा हात धरून सरळ सरकारी दवाखान्यात त्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी झोप, जेवण, घरचं सगळं विचारलं. मग म्हणाले, "ये शुरू कब से हुआ?"

बाबांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मदत व्हावी म्हणूनच सांगितलं. "डॉक्टर साहब, नवंबर से। एक दिन गेट पर आया, नीम और दही लेकर। कहने लगा मेरी लड़की को माता निकली है। लड़की तो भली-चंगी थी। इसने अपने मन से ही सोच लिया था।"

डॉक्टरांची लेखणी थांबली. "आवाज़ें सुनाई देती थीं? किसी ने कहा था आपसे?"

किशोर माझ्याकडे वळला. इतक्या महिन्यांत प्रथमच त्याने सरळ विचारलं, मराठीत. "अरुण, तू सांगितलं होतंस ना? सायकलस्टँडजवळ?"

मी खरं सांगितलं असतं तर बाबांना कळलं असतं की मी त्यांच्याशी खोटं बोललो. मग हजेरी निघाली असती, कॉलेजपर्यंत गेलं असतं, नाव कटलं असतं. एवढं सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं. त्याचं काय होईल, हे मात्र गेलं नाही.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी आज एवढा अडकलो नसतो. तो आठवायचा प्रयत्न करत होता. मग मान खाली घालून डॉक्टरांना म्हणाला, "शायद मुझे ही ऐसा लगा होगा।" डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

उदासीला औषध दिलं असतं, सुट्टी दिली असती, कदाचित वर्ष वाचलंही असतं. पण कागदावर भ्रम आला आणि कॉलेज घाबरलं. पत्रं दिल्लीला गेली, तिथून त्याच्या देशात गेली, आणि होळीच्या सुमारास त्याला परत पाठवायचं ठरलं. स्टेशनवर आम्ही सगळे गेलो होतो. आईने तिखट पुऱ्या आणि शंकरपाळ्यांचा डबा बांधून दिला होता. सुमीने विचारलं, "दादा, ते नाचाचं गाणं राहिलं ना?" त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मला जरा बाजूला घेऊन म्हणाला, "अरुण, मी तुझं नाव उगाच घेतलं डॉक्टरांसमोर. मला माफ कर."

मी म्हणालो, "काही नाही रे."

इतकी वर्षं झाली, पण माझ्या आयुष्यातलं सर्वात नीच वाक्य कोणतं असं कोणी विचारलं तर मी दवाखान्यातलं सांगणार नाही, हे सांगेन.

तो बरा झाला. तिकडे शाळेत मास्तर झाला, लग्न केलं. दर गणपतीला आईच्या नावाने त्याचं कार्ड यायचं, वळणदार देवनागरीत. आई असेपर्यंत येत राहिलं. म्हणजे पत्ता नव्हता असंही मी म्हणू शकत नाही. पत्ता कायम आमच्या फळीवर होता.

गेल्या थंडीत माझी मुलगी मुक्ता, जी परदेशात शिकते आहे, एक दिवस फोनवर नेहमीसारखं 'मी ठीक आहे' म्हणाली नाही. म्हणाली, "बाबा, मी महिनाभर वर्गात गेले नव्हते. मग इथल्या समुपदेशक बाईंकडे गेले." मी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?" ती म्हणाली, "फार काही नाही. मी जे सांगितलं ते त्यांनी खरं मानलं. बाबा, तेवढ्यानेच अर्धं हलकं वाटलं."

त्या रविवारी मी जुन्या कार्डावरून नंबर काढून फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला, मग तो आला. त्याचा आवाज लगेच ओळखला. आईची आठवण काढली, सुमीचं विचारलं, खोव्याची जलेबी अजून मिळते का ते विचारलं. त्याची मराठी आता माझ्यापेक्षा स्वच्छ झाली होती. मी जबलपूरहून बोलतोय आणि पुढच्या महिन्यात सुमीच्या नातवाचं बारसं आहे असं म्हणालो, तर तो म्हणाला, "थांब, लिहून घेतो."

मागून त्याची बायको काहीतरी बोलली आणि तो हसला. "ही चिडवते मला. कोणी काही सांगितलं की मी वहीत लिहितो. वेळ, जागा, कोण म्हणालं. लग्नापासूनची सवय आहे. काय करणार, माझ्या डोक्याचा मला भरवसा नाही ना. तुला तर माहीतच आहे."

मी खुर्चीवर बसलो. व्हरांड्यात ऊन आलं होतं.

"किशोर, वही जवळ आहे ना? मग हे पण लिही," मी म्हणालो. "सुमीला कांजिण्या झाल्यात हे मी तुला सांगितलं होतं. नोव्हेंबरात, सायकलस्टँडजवळ, सकाळी. तू ते मनाने रचलं नव्हतंस. तुझ्या डोक्यात तेव्हा काही चुकलेलं नव्हतं. मला आठवत होतं, डॉक्टरांसमोरही आठवत होतं, आणि मी खोटं बोललो. स्टेशनवर माफी तू मागितलीस, ती माझी होती. आज मागतो. मला माफ कर."